बगळ्याचं गाणं कोण झेलणार

पोह्यांच्या डब्यावर ठेवलेला मोबाईल घर्रर्र करून थरथरला आणि दुपारचं निजलेलं घर दचकलं. पाच वर्षांची चंचल आत्ताच कुठं डोळे मिटत होती. पुनमनं एका हातानं लेकीला थोपटत दुसऱ्या हातानं फोन उचलला.

पडद्यावर दिव्यानी, तिची धाकटी नणंद. अकरावीचं वर्ष जर्मनीतल्या एका शाळेत काढायला गेलेली, आणि आता त्या शाळेच्या गाणाऱ्या पोरांबरोबर चार दिवस ऑस्ट्रियात. "बसनं देश बदलते का?" असं सासूबाईंनी, इंदुताईंनी, परवाच विचारलं होतं. पुनम म्हणाली होती, "राजुऱ्याहून निघालेली बस तेलंगणात जाते नाई का आई, तसंच."

दिव्यानीचे डोळे सुजले होते.

"वैनी, मी उद्या गात नाई. सरले सांगून देतो."

"काऊन? काय झालं?"

उद्या तिथल्या चर्चमध्ये कार्यक्रम होता. सरांनी तिला तिच्या गावचं एक गाणं म्हणायला सांगितलं होतं आणि तिनं रोवण्याचं निवडलं होतं. धान रोवताना बाया दोन फळ्या करून म्हणतात, तसलं. एका फळीनं विचारायचं, दुसरीनं झेलायचं. पुनमनंच ते तिला बांधावर शिकवलेलं. पोरीला एवढ्या लांब पाठवायचं की नाही यावरून घर दोन महिने धुमसत होतं, तेव्हा "राहते ती, मी सांगतो ना," असं छातीठोक सांगणारीही पुनमच.

"आज तालमीत पयली ओळ म्हटली अन् थांबली."

"कायले थांबली?"

"सवयीनं वो! वाटलं, कोनी झेलन. तीस पोट्टे, सारे चूप. त्याईले वाटलं, मी विसरली. एका पोट्टीनं बिचारीनं टाळ्या वाजवल्या, तं अजूनच रडू आलं."

"मंग दोन्ही बाजू तूच म्हण."

"आपनच विचाराचं अन् आपनच सांगाचं? येड्यावानी?" दिव्यानीनं नाक पुसलं. "इथी सारे चांगले हाये वैनी. पन गाण्यात मी एकटीच पडली."

पुनमला ते पटलं. खरंच, शेतात एकटी बाई असली तरी ती शेजारच्या बांधीतल्या, धानाच्या खाचरातल्या, बायांना हाक घालते, पण स्वतःचं गाणं स्वतः झेलत नाही.

"तालीम पुन्हा कवा हाये?"

"एका तासानं."

"तवर सरले काई सांगू नको. थांब."

तिनं चंचलला उचलून कडेवर घेतलं आणि तशीच, केस न विंचरता, शेताची वाट धरली.

बांधीत इंदुताई आणि आठ बाया गुडघाभर चिखलात वाकलेल्या. पुनमनं बांधावरूनच सगळं सांगितलं आणि फोन पुढं केला. "तुम्ही फक्त झेलाची बाजू म्हणा. मी भरून पाठवतो."

सगळ्यात पुढं रोवणारी सुकरीबाई कंबर सरळ करून हसली. "कोनी फेकाले नाई, तं झेलाचं काय? तो फोनचा डब्बा?"

"अन् तुई नणद," दुसरी म्हणाली, "फॉरेनात जाऊन मुकी झाली का?"

"मुकी नाई झाली, एकटी पडली," पुनम म्हणाली.

मग इंदुताई हातातली रोपांची जुडी खाली न ठेवताच म्हणाल्या, "लाव वो तिले फोन. पयले तोंड तं पाहू दे पोट्टीचं."

टॉवर फक्त बांधाच्या उंच टोकावर यायचा. तालमीच्या वेळेला पुनम तिथं हात वर करून उभी राहिली. पडद्यात लाकडी पायऱ्यांवर उभी पोरं दिसली आणि पुढं दिव्यानी.

"म्हण!" सुकरीबाई खालून ओरडली. "आमी हावोत!"

दिव्यानीनं आवाज लावला. *बांधावरचा बगळा कोनाची वाट पाहे वो?*

इथून नऊ जणींनी चिखलातून उत्तर फेकलं. *भाऊ येते माहेरून, त्याची वाट पाहे वो!*

आवाज पोचायला उशीर होत होता. तिकडं विचारलं की इकडं क्षणभर शांत, इकडं झेललं की तिकडं क्षणभर शांत. तरी दोनदा, तीनदा, चारदा झालं. दिव्यानी हसायला लागली होती. पाचव्यांदा तिनं विचारलं आणि टॉवर गेला. पडद्यावर तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"गेलं का?" इंदुताईंनी विचारलं.

पुनम टाचा उंचावून, फोन आभाळाकडं धरून या टोकाहून त्या टोकाला धावली. चंचल मागं. फोनमधून आधी खरखर आली. मग आवाज आला, पण तो दिव्यानीचा नव्हता. तीस पोरांचा होता. शब्द पार वाकडेतिकडे, 'माहेर' तर ओळखूच येईना, पण जागा बरोबर. दिव्यानी विचारत होती, पोरं झेलत होती.

सुकरीबाईनं कपाळावर चिखलाचा हात मारून घेतला. "अवो माय! बोलता येत नाई, पन झेलून पाहा कसे राह्यले! आपली चंद्री दहा वर्सं झाली तरी चुकते."

"मी कवा चुकली?" चंद्री ओरडली, आणि बांधीभर हसू उडालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रमाचा व्हिडिओ आला. चर्चमध्ये दिव्यानी एकच ओळ म्हणून थांबली आणि या वेळी कुणालाच ती विसरली असं वाटलं नाही. तिच्या मागून तिसांनी उत्तर दिलं. शेवटी तर समोर बसलेली पांढऱ्या केसांची माणसंसुद्धा झेलायला लागली. इंदुताईंनी व्हिडिओ तीनदा पाहिला, मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "निकेशले पाठव. माजरीच्या साऱ्या खाणीले दाखवू दे बहीण."

पुनमनं खाणीत कामाला असलेल्या नवऱ्याला, निकेशला, व्हिडिओ पाठवला आणि चंचलला भरवायला बसली. वरणभाताचा घास तोंडात धरून चंचल कितीतरी वेळ पडद्याकडं बघत राहिली. तिथं आत्या दोन पोरींच्या गळ्यात हात टाकून हसत होती.

घास गिळून ती म्हणाली, "आई, आता तं तिथीच सारे तिचं गाणं झेलतेत ना?"

"हो ना."

"मंग आत्या इथी कायले येईन?"