तक्रार नसलेला बोगदा

आमच्या सुरक्षा समितीत कुणीही स्वतःच्या राहत्या भागावर ठिपका लावायचा नाही आणि त्याची वकिलीही करायची नाही, हा नियम माझा. चांगला भांडून करून घेतलेला. आमचा किराणावाला दरवर्षी आपले सगळे ठिपके स्वतःच्या घराखालच्या दुकानासमोरच्या चौकात लावायचा आणि वर ‘जनतेच्या गैरसोयी’वर भाषण ठोकायचा. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांची मला चीड आहे. माझं शिवणाचं दुकान आहे, वाकडी टीप दिसली की उसवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

समितीत पोलीस, नगरपालिका, दवाखाना, शाळा आणि आम्ही दुकानदार. वर्षातून एकदा शाळेच्या हॉलमध्ये शहराचा नकाशा लागतो. जिथून तक्रारी आल्या तिथे निळ्या टाचण्या आधीच टोचलेल्या असतात. त्या बघून प्रत्येकाने आपले लाल ठिपके चिकटवायचे. जिथे जास्त ठिपके, ते काम आधी. मोजणी होईपर्यंत ठिपका काढून दुसरीकडे लावायची मुभा असते.

यंदा माझाच नियम माझ्या पायात आला. रुळांखालचा बोगदा आमच्या भागात येतो. माझी लेक पलीकडच्या दवाखान्यात रक्त तपासते. काम तिच्या जीवाभावाचं. पण दिवस लहान झाले की सुटायच्या वेळी बोगद्यात काळोख असतो, म्हणून ती रेल्वे फाटकावरून लांबचा वळसा घेते. तो रस्ताही सुनसान, म्हणून मी दुकान बंद करून तिला आणायला जाते. माझे गुडघे कुरकुरतात हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

“आई, महिनाअखेर राजीनामा देते,” ती आदल्या दिवशी म्हणाली होती. “तुझे पाय मोडून मला नोकरी नको.”

मी तिला खूप रागावले आणि मग मोरीत जाऊन रडले.

आणि नकाशावर त्या बोगद्यापाशी एकही टाचणी नव्हती. अगदी कोरी जागा. मी माझे ठिपके बाजारावर आणि शाळेच्या फाटकावर लावले आणि जागेवर येऊन बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शेवटी उठले फौजदार. त्यांना आम्ही मागून इस्त्रीसाहेब म्हणतो, कारण त्यांच्या गणवेशालाही सुरकुती नाही आणि चेहऱ्यालाही. माझं त्यांच्याशी फारसं सख्य नव्हतं. फुटपाथवर उभा केलेला माझा कपड्यांचा पुतळा त्यांनी उचलून चौकीत नेला होता, आणि सोडवायला गेले तर मलाच वाहतुकीचे नियम ऐकवले होते.

त्यांनी आपले सगळे ठिपके बोगद्यावर लावले.

“साहेब, तिथे तर एकही तक्रार नाही!” किराणावाला म्हणाला.

“तेच तर,” साहेब म्हणाले. “परवा माझी बहीण संध्याकाळच्या रेल्वेने आली. बोगद्याच्या तोंडाशी एका बाईने तिला अडवलं, इकडून जाऊ नका म्हणाली. मग काल संध्याकाळी मी स्वतः तिथे उभा राहिलो. पुरुष गेले. बाई एकही नाही. बायका जातच नाहीत, तर तक्रार कोण करणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून यायचं? आम्ही दरवर्षी कोऱ्या जागेला सुरक्षित समजत आलो.”

अध्यक्षा म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका उठल्या, शाळेच्या फाटकावरचा आपला ठिपका नखाने खरवडून काढला आणि बोगद्यावर लावला. मग डॉक्टर उठले. आणि खोटं कशाला बोलू, किराणावालाही उठला. शेजारच्या चौकातला आपला ठिपका काढताना त्याचा चेहरा दाढ उपटल्यासारखा झाला होता, पण काढला त्याने.

मी मान खाली घालून पदराचं टोक चुरगाळत होते. यातल्या कुणालाही माझ्या लेकीचं ठाऊक नव्हतं. न सांगता, न मागता माणसं आपल्यासाठी उभी राहतात तेव्हा आभार कुठल्या तोंडाने मानायचे, ते मला अजून कळलेलं नाही.

घरी येऊन लेकीला म्हटलं, “राजीनामा थोडा लांबव.” तिने का म्हणून विचारलं, तर म्हटलं, “आईचं एकदा तरी ऐक.”

नगरपालिकेने दिवे लावले, झुडपं तोडली. एका फुलवालीला बोगद्याच्या तोंडाशी बसायला जागा मिळाली. समितीतले सगळे दिवेलागणीला आळीपाळीने तिथून फेरी मारू लागले, किराणावालासुद्धा, जाता-येता उधारीवाल्यांना गाठत. पुढे पुढे मी लेकीला आणायला रेल्वे फाटकाऐवजी फुलवालीपाशी थांबू लागले आणि एक दिवस ती म्हणाली, “आता येऊ नकोस, मी येते.”

पुढच्या बैठकीत मुख्याध्यापिका नव्या तक्रारी वाचत होत्या. मध्येच थांबल्या, चष्मा सारखा केला.

“बोगद्यातून तक्रार आलीय,” त्या म्हणाल्या. “‘मधला दिवा फडफडतो. मी इथून रोज येते-जाते, कृपया बदलावा.’”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तक्रारीला टाळ्या वाजवणारी समिती जगात आमचीच असेल. मग बाईंनी खालचं नाव वाचलं आणि सगळे माझ्याकडे वळले. पोरीने मला पत्ता लागू दिला नव्हता.

इस्त्रीसाहेबांच्या चेहऱ्याला पहिल्यांदा सुरकुती पडली. “ताई, आधी सांगायचं नाही का? दिवा आजच बदलायला सांगतो.”

“दिवा होईल हो, साहेब,” मी डोळे पुसत म्हटलं. “आधी ती निळी टाचणी टोचा. मला बघू दे.”