काल काय चुकलं

"बोला पैलवान, काल काय चुकलं?"

पैलवान म्हणजे अंगावर मूठभर मांस नसलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस. वाफेच्या यंत्राचं जड दार तो एकटा ओढायचा, म्हणून हे नाव. त्याने हात पुसले.

"दार चार मिनिटं आधी उघडलं, बाई. धाकट्या भावाचा फोन होता. बोलता बोलता हात गेला."

"भावाशी बोलताना हात जायचाच तुमचा," चष्मेवाली म्हणाली. "नशीब, तो समोर नव्हता."

"पुडकी ओली निघाली?" बाईंनी विचारलं.

"सतरा. सगळी सोडली, कोऱ्या कापडात बांधली, परत लावली. घरी जायला उशीर झाला, तर बायकोने दार लावून घेतलेलं. ती मात्र वेळेआधी उघडत नाही."

सहाही जण हसले. बाईंनी मान डोलावली आणि पुढच्या माणसाकडे पाहिलं. त्यांची स्वतःची चूक सगळ्यांच्या आधी सांगून झाली होती. कात्र्या मोजताना त्यांचं लक्ष लेकीच्या परीक्षेत होतं आणि एक कात्री कमी भरली होती.

इस्पितळाच्या तळघरातली ही खोली. वरच्या शस्त्रक्रियेची हत्यारं इथे रक्ताने माखून यायची आणि धुऊन, बांधून, वाफेतून काढून परत वर जायची. नऊ वर्षांपूर्वी बाई इथल्या प्रमुख झाल्या, तेव्हा कुणाच्या हातून काही झालं की ते झाकायची रीत होती. एकाने झाकायचं, दुसऱ्याने पाहिलं न पाहिल्यासारखं करायचं. पहिल्याच सकाळी बाई मधल्या लांब टेबलाशी उभ्या राहिल्या आणि आपली आदल्या दिवशीची चूक सांगितली. पुढे कुणी बोलेना. चार महिने त्या एकट्याच सांगत राहिल्या. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं.

मग एका सकाळी चष्मेवाली रडत म्हणाली की तडा गेलेला चिमटा आपल्याकडून बांधला गेलाय आणि तो वर गेलाय. बाई चार मजले चढून गेल्या, पुडकं घेऊन आल्या, ते सोडलं आणि चिमटा तिच्यापुढे धरून एवढंच विचारलं, "मोडीत टाकायचा ना हा?"

त्या दिवसापासून खोली बोलायला लागली. कुणी चुकलं की उरलेले पाच जण कपाळाला आठी न घालता ते निस्तरायला हात लावायचे. पैलवान कापड बांधायला शिकला, चष्मेवाली यंत्र चालवायला. बोललेली चूक तळघरात निस्तरता येते, न बोललेली वर जाते आणि माणसाच्या पोटात राहते, हे बाईंना कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

नवे साहेब व्यवस्थापक म्हणून आले, ते कसल्याशा तीन दिवसांच्या शिबिराहून ताजे परतलेले. एका सकाळी ते दारात उभे राहून सगळं ऐकत होते. शेवटी आत आले, तर त्यांचे डोळे चमकत होते.

"मॅडम, नेतृत्व म्हणजे माणसांत बदल घडवणं, हे तिथे आम्हाला पडद्यावर बाण काढून शिकवलं. तुम्ही इथे ते करून बसलाय, आणि वर कुणाला पत्ता नाही."

बाई लाजल्या. नऊ वर्षांत तळघरात उतरून कुणी चांगलं बोललं नव्हतं. महिन्याभरात लिफ्टशेजारी सहा जणांचा फोटो लागला, खाली ठळक अक्षरांत "बदल घडवणारी टीम". त्यात पैलवानाचे डोळे मिटलेले होते.

त्यानंतर साहेबांनी एक वही पाठवली. तारीख, नाव, चूक. रोजचं रोज लिहायचं. "इतर विभागांना शिकता यावं म्हणून फक्त," ते म्हणाले. "शिक्षेचा प्रश्नच नाही."

पैलवानाने वही उलटसुलट करून पाहिली. "नाव कशाला हवं, बाई? चूक शिकायची तर चूक लिहा."

"साहेबांचा हेतू चांगला आहे."

"हेतू चांगलाच असेल. पण साहेब बदलून जातील, वही इथेच राहील."

"मी आहे ना," बाई म्हणाल्या.

पैलवानाने वही टेबलावर ठेवली. बाई आहेत म्हटल्यावर पुढे बोलायचं काही उरलं नव्हतं.

चार मिनिटं आधी उघडलेलं दारही असंच बाईंच्या सुवाच्य अक्षरात वहीत उतरलं. सतरा पुडकी, परत लावली, तेही लिहिलं. त्यानंतर नवव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर दाखल असलेली एक रुग्ण दगावली. शस्त्रक्रियेची जखम चिघळली होती. तिच्या नवऱ्याने इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसून सगळ्यांकडे एकच मागणी केली, कुणामुळे ते सांगा.

चौकशीसाठी वही वर मागवली गेली. शस्त्रक्रियेच्या तारखेच्या आदल्याच दिवशी त्यात एक नाव होतं.

"ती पुडकी परत लावली होती, साहेब," बाई म्हणाल्या. "लिहिलंय खाली. वाफ नीट बसली की पुडक्यावरची पट्टी काळी होते. मी सतराही पट्ट्या स्वतः पाहिल्यात."

"पट्ट्या आहेत?"

"त्या पुडकं उघडल्यावर फेकतात."

"मग?" साहेब हताशपणे म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. "मला कळतं मॅडम. पण वरच्यांना नाव हवंय, आणि लेखी नाव एकच आहे."

"माझं घाला. खोली माझी, सही माझी."

"तुमचं कसं घालणार? तुमचा फोटो लावलाय आम्ही खाली."

"पैलवानाचाही त्यातच आहे."

साहेबांनी समोरचा कागद सरळ केला. तो सरळच होता.

तीन वर्षं नोकरी उरली असताना पैलवानाला काढलं. तो कपाट रिकामं करायला आला तेव्हा बाई यंत्राशी उभ्या होत्या.

"मी लिहायला नको होतं," त्या म्हणाल्या.

"मी सांगायला नको होतं," पैलवान म्हणाला. आवाजात राग नव्हता. "दाराचं रबर बदलून घ्या. डाव्या कोपऱ्यात वाफ गळते. हे लिहू नका कुठे."

दुसऱ्या सकाळी पाच जण टेबलाशी जमले. बाईंनी सुरुवात केली. "माझी चूक. मी नावं लिहिली. ती वही मी परत आणणार नाही, आणि नवी घेणार नाही." त्यांनी चष्मेवालीकडे पाहिलं. "बोल."

"काही नाही चुकलं, बाई."

पुढचा म्हणाला, काही नाही. त्याच्या पुढचाही. सगळे टेबलाकडे बघत होते. आठवडा गेला, महिना गेला. त्या रोज आपली चूक सांगत आणि रोज चार वेळा तेच उत्तर ऐकत. नऊ वर्षांपूर्वी लोक गप्प होते कारण ते बाईंना ओळखत नव्हते. आता ओळखत होते.

साहेबांनी फोन करून अभिनंदन केलं. दोन महिन्यांत एकाही चुकीची नोंद नाही, असा विभाग अख्ख्या इस्पितळात दुसरा नव्हता.

त्याच आठवड्यात बाईंनी सहज एक पुडकं उघडलं. आत कात्रीच्या बिजागरीत वाळलेलं रक्त होतं. त्यांनी ते कुणाला दाखवलं नाही. दाखवून काय मिळणार होतं, चार खाली घातलेल्या माना. त्या दिवसापासून पाळी संपली की त्या मागे थांबू लागल्या. वर जायची सगळी पुडकी सोडायची, एकेक हत्यार उजेडात धरायचं, परत बांधायचं, परत यंत्रात लावायचं. संध्याकाळची माणसं त्यांना वळसा घालून जात.

एकदा लेक न्यायला आली. आईच्या मनगटांवर वाफेचे लाल चट्टे होते, पाठ एका बाजूला झुकली होती.

"सोड ना आई ही नोकरी. तुझ्याशी कुणी बोलत नाही इथे."

"बोलत नाहीत म्हणून तर."

"किती दिवस करणार आहेस हे?"

बाई चिमटा दिव्याखाली फिरवत राहिल्या. "आज एकशे बारा आहेत," त्या म्हणाल्या.

लेकीने रॅककडे पाहिलं. निळ्या कापडातली पुडकी नीट रांगेत होती, सगळ्यांवरच्या पट्ट्या काळ्या, सगळी एकसारखी. कुठलं बरं आणि कुठलं वाईट, बाहेरून काहीच कळत नव्हतं. दारापाशी चष्मेवाली पिशवी खांद्याला लावून थांबली होती. मग तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून वर गेला.

लेकीने ओढणी काढून खुर्चीवर ठेवली आणि बाह्या वर सारल्या.

"आधी हात धू," बाई मान वर न करता म्हणाल्या. "कोपरापर्यंत."