तार सुटलेलं विरजण

विमलाबाईंचं विरजण त्यांच्या आईचं. लग्नानंतर गुहागरहून फुलपात्रातून आलेलं, आणि चौतीस वर्षं डोंबिवलीच्या दोन खोल्यांत रोज नव्यानं लागत आलेलं. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती, पण त्या दह्याच्या आंबटपणात ती अजून आहे, असं बाई उघड म्हणत. ते त्यांनी कुणालाही दिलं नाही. धाकटी बहीण गोदूबाई आईच्या बाराव्याला रडून मागत होती, तिलाही नाही. प्रेम माणसाला कधीकधी असं कंजूष करतं.

त्यांची सून नंदा बाळकुमच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होती. तिथे सोयाबीनच्या दुधाचं दही करायचे प्रयोग चालले होते. ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला होता. ते दही सारखं पाणी सोडायचं, म्हणून साहेबांनी कुठलंसं नवं विरजण आणवलं, आणि दही वडीसारखं बसलं. नंदानं ते बाटलीतून घरी आणून म्हशीच्या दुधाला लावून पाहिलं. वाटी उपडी केली तरी थेंब गळेना.

बाई तोंडानं हसल्या, पण मनात लोभ शिरला. आईची चव आणि हा घट्टपणा, दोन्ही पदरात पडलं तर काय हवं? एका दुपारी घरात कुणी नाही असं पाहून त्यांनी नंदाच्या दह्याचा एक चमचा आपल्या दह्याच्या सटात ढवळला.

दही रोज सुधारत गेलं. शेजारणी वाखाणू लागल्या. फक्त चमचा उचलला की केसासारखी बारीक तार वर यायची, लांबत जायची, मग तुटायची. आंबटपणाही मवाळ झाला होता. थंडीचं दूध आहे, असं बाईंनी स्वतःला समजावलं. पण हल्ली सटाचं झाकण काढताना त्यांचा हात थबकायचा.

एक्याण्णवचा पाडवा उद्यावर आला. श्रीखंडासाठी त्यांनी सकाळीच चक्का टांगला. दुपार उलटली तरी खालच्या पातेल्यात टपटप नाही. पातेलं कोरडं, आणि पुरचुंडी टांगताना होती तेवढीच जड.

नंदा कामावरून आली. तिनं फडकं दाबलं. बोटांना बुळबुळीत, चिकट असं काहीतरी लागलं.

"अहो आई, तुम्ही यात माझं विरजण घातलेलं का?"

बाईंनी पदरानं ओटा पुसायला घेतला. नंदा समजली.

"त्या विरजणातले जंतू साखरेचे चिकट धागे सोडतात. दुधातल्या प्रोटीनची जाळी असते ना, तिच्यात ते धागे गुंततात आणि पाणी धरून ठेवतात. सोयाच्या दह्याला तेच हवं होतं. चक्क्याला नको."

"मग माझं वेगळं काढ यातून."

"नाही निघत. रोजच्या रोज हे वाढतात, जुने मागे पडतात. आता त्यातलं काही उरलं असेल असं वाटत नाही मला."

विमलाबाई ओट्याला टेकून खाली बसल्या. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हाही त्या अशाच बसल्या होत्या. बराच वेळ त्यांना रडूही येईना.

"रागावू नका," नंदा हळूच म्हणाली. "संक्रांतीला गोदूमावशींना मी वाटीभर दिलेलं. तुमच्या नकळत."

घरात चोरी झाली म्हणून बाईंना जन्मात पहिल्यांदा आनंद झाला.

पाडव्याला गुढी उभारून त्या तडक खडवलीला गोदूबाईकडे निघाल्या. तो चमचा आपण संक्रांतीआधी घातला की नंतर? काही केल्या आठवेना. मग एवढं आठवलं, की त्या दुपारी घरात भाजलेल्या तिळाचा वास होता. बाईंनी मुद्दाम गाडीच्या खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. तीळ काय, नंतरही भाजतातच.

गोदूबाई दारातच हात जोडून उभी राहिली. "ताई, ओरडू नकोस गं. आईचं विरजण माझ्याकडे आलंय. दोन महिने जिवापाड जपतेय. रोज पहिला चमचा खाते आणि आई भेटल्यासारखं वाटतं."

तिनं आतून सट आणला, ताईसाठी वाटीत दही वाढलं. चमच्याबरोबर एक लांब तार वर आली.

विमलाबाईंनी घास घेतला. आंबटपणा कुठेच नव्हता.

"तीच चव ना गं?" गोदूबाईचे डोळे भरून आले होते.

"तीच," विमलाबाई म्हणाल्या, आणि वाटी संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.