नाहीसा होणारा बाण

या, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून ऐकण्यासारखी ही गोष्ट नाही. देवानं दिलेल्या बुद्धीचं माणूस काय करून ठेवतो ते आज सांगणार आहे, आणि सांगता सांगता माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

एक फॉर्म्युलावाला होता. संगणकावर शेअरच्या भावाचा आलेख असतो ना, त्यावर हवे ते बाण, हव्या त्या रेषा उमटवणारी सूत्रं तो लिहून द्यायचा. घरातल्याच एका खोलीत टेबल, दोन स्क्रीन आणि पाठीला उशी. कामात वाघ! शेअरबाजाराचे क्लास घेणाऱ्या एका सरांनी त्याला कायमचं काम दिलं होतं. त्यांच्यासाठी लिहिलेलं सूत्र भाव तळाला गेला की हिरवा बाण दाखवी, शिखराला पोचला की लाल. मागच्या दहा वर्षांचा कुठलाही आलेख उघडा, एक बाण चुकलेला नाही! सर ते सभागृहात दाखवत, लोक आ वासून बघत आणि विकत घेत.

एका दुपारी त्याची धाकटी बहीण आली. कपडे शिवायचं छोटं दुकान चालवणारी बाई. नाकावर कोरा चष्मा.

"हे काय गं? चष्मा कधी लागला?"

"नजरच गेली दादा माझी! तुझं ते बाणांचं सूत्र घेतलंय मी, सरांकडून. तुला सांगितलं नाही, म्हटलं फुकट देशील. सकाळी हिरवा बाण दिसतो, मी शेअर घेते. दोन दिवसांनी बघावं तर बाणच नाही! सरांना फोन केला, तर म्हणाले, ताई, तुम्ही नीट बघितलं नसेल. आता सुईत दोरा ओवणारी मी! पण म्हटलं, असेल बाई. चष्मेवाला म्हणाला, नंबर नावालाच आहे. म्हटलं, असू दे, बसवा."

ती हसली. तो हसला नाही.

"आणि ऐक, रविवारी सरांचा मोठा कार्यक्रम आहे. तो झाला की दुकानाची किल्ली मालकाला देऊन टाकणार. आता पूर्णवेळ हेच."

दारात त्यांचे वडील उभे होते. हवामान खात्यातून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाण जातो कुठे रे?"

फॉर्म्युलावाला चाचरला. "बाबा, तळ होता हे भाव वर गेल्यावरच पक्कं कळतं. खाली येता येता सूत्र अंदाजानं बाण काढतं. भाव आणखी उतरला की तो पुसतं आणि नव्या तळावर काढतं. जुना आलेख समजून घ्यायला सोयीचं असतं ते."

"म्हणजे चुकलेले सगळे पुसले जातात, बरोबर आलेले तेवढे उरतात. हे लोकांना सांगितलंय?"

"ते सरांचं काम. मी फक्त सूत्र लिहितो."

"फक्त!" म्हातारा कडाडला. "चौतीस वर्षं मी पारा बघून शाईनं नोंदी केल्या. अंदाज चुकला तर चुकलेलाच राहायचा. लोक तोंडावर हसायचे, छत्री घेऊ का साहेब म्हणून! पाऊस पडून गेल्यावर कालच्या पानावर 'उद्या पाऊस' असं लिहिलं असतं, तर मीही सर्वज्ञ ठरलो असतो. आणि त्या वहीच्या भरवशावर कुणी होडी पाण्यात घातली असती तर? ही पोर स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत फिरतेय, आणि तुला ठाऊक होतं!"

बहिणीनं चष्मा काढून हातात घेतला. "दादा, तुला ठाऊक होतं?"

 

त्यानं तिथूनच सरांना फोन लावला. "बाण नंतर बदलू शकतो, एवढी एक ओळ आलेखावर टाकू या."

"अहो, मग घेईल कोण?" सर म्हणाले. "तुम्ही असं करा, बाण जरा जाड करा."

रविवारी सभागृह गच्च भरलेलं. सरांनी कौतुकानं त्याला मंचावर बोलावलं. त्यानं माइक घेतला नाही. संगणकाशी बसला, आलेख दोन वर्षं मागे नेला, पुढचे सगळे दिवस झाकले आणि एकेक दिवस उघडत गेला. हिरवा बाण आला. टाळ्या! पुढचा दिवस उघडला, बाण गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. पाच वेळा आला, चार वेळा पुसला. टाळ्या कधीच थांबल्या होत्या.

"बंद करा ते!" सर ओरडले.

"हे मी लिहिलंय," तो म्हणाला. "तुमचे डोळे चांगले आहेत. खोटं माझं आहे."

केवढा गलका झाला! बहिणीनं किल्ली पर्समध्ये खोल टाकली. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक निवृत्त पहारेकरी उठला. "साहेब, गेल्या महिन्याची नऊ तारीख लावा ना."

लावली. नऊला बाण होता, अकराला नव्हता.

"होता ना?" तो म्हणाला. "घरी सगळे म्हणतात, म्हाताऱ्याला भास होतात. परवापासून मला बँकेतही एकट्याला जाऊ देत नाहीत." आणि तो खाली बसला.

बंधूंनो, भगिनींनो, झालेल्या गोष्टीला भविष्यवाणी म्हणून विकणं ही चोरी आहे. आणि जाणूनबुजून त्या चोराला हत्यार घडवून देणाऱ्याला 'मी फक्त घडवलं' म्हणून हात झटकता येत नाहीत! तो फॉर्म्युलावाला आजही सूत्रं लिहितो, पण एकदा उमटलेला बाण पुसायचा नाही, हा त्याचा नेम आहे. चुकलेले बाण तसेच दिसतात. गिऱ्हाइकं कमी झाली. होऊ देत!

बहीण वाचली. पहारेकरी वाचला नाही. त्या बाणांपायी त्याची आयुष्यभराची पुंजी गेली ती गेलीच, आणि घरच्यांचा विश्वास अजून पुरता परतलेला नाही. तेव्हा आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा स्वतःसाठी मागण्याआधी त्या मागच्या रांगेतल्या माणसाची आठवण काढा. त्यानं बरोबर पाहिलं होतं.