चार नंबरच्या दाराचा भोंगा

चूक एआयची झाली, असं आशुतोषने भरल्या मीटिंगमध्ये शांतपणे सांगितलं आणि क्षिप्राचं डोकं सणकलं.

महापेतली त्यांची कंपनी कोल्ड स्टोरेजमधली गॅसगळती ओळखणारं सॉफ्टवेअर बनवायची. तळोज्याच्या एका मासळीच्या कारखान्यात ते बारा वर्षं चालू होतं, आणि त्यातली ओळ न् ओळ नंदकुमार सामंतांनी लिहिलेली. गेल्या दिवाळीनंतर सामंतांना घरी बसवलं. कोड वाचायला आता एआय आहे, माणूस कशाला, असं मॅनेजर आशुतोषचं म्हणणं. तो सगळा कोड क्षिप्राच्या गळ्यात पडला.

खोटं कशाला बोला, एआयने तिला तारलं होतं. तीन महिन्यांचं काम आठ दिवसांत उरकलं. अडलं ते एकाच ठिकाणी. थंडाव्यासाठी वापरतात त्या अमोनियाची बाकी दारांवर जी मर्यादा, तिच्या निम्म्यावरच चार नंबरच्या दाराचा भोंगा वाजत होता. हा उगाच वाजतो, अशी कारखान्याचीही तक्रार होती. एआयने सांगितलं, की निम्म्या मर्यादेची ही अट चुकून राहिली असावी; पण कारण कोडमध्ये कुठेच दिसत नाही, तेव्हा काढण्याआधी ती जागा माहीत असलेल्या माणसाला विचारा.

क्षिप्राने ते जसंच्या तसं आशुतोषला पाठवलं. सामंत सरांना फोन करू का, असंही विचारलं. काढलेल्या माणसाशी बोलायचं नाही, असं त्याने मेलवर बजावलं. कारखान्याच्या अहवालात त्याने ‘चुकून राहिली असावी’ एवढंच ठेवलं आणि पुढचं कापलं. अट काढली मात्र क्षिप्राने, स्वतःच्या हाताने.

तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी गॅस गळला. भोंगा वाजला तोवर नावड्याची गोजरा, कोळंबी सोलणारी, चार नंबरच्या दाराशी कोसळली होती. बरोबरच्या बायकांनी ओढून काढलं म्हणून वाचली.

“एआयने विचारायला सांगितलं होतं,” क्षिप्रा त्या भरल्या मीटिंगमध्ये म्हणाली. “मीही विचारत होते. ती ओळ तुम्ही कापलीत.”

आपण वेगळं बोलू, असं आशुतोष म्हणाला. ती लॅपटॉप उचलून निघाली ती थेट नेरूळला, सामंतांच्या घरी.

ऐकता ऐकता सामंतांचा चेहरा उतरला. “तो सेन्सर पंख्याच्या तोंडाशी आहे गं. तिथं वाऱ्याने गॅस पातळ होतो. सेन्सरला निम्मा दिसतो तेव्हा आत पुरा भरलेला असतो. मी उभं राहून मोजलंय.”

“मग लिहून का नाही ठेवलंत, सर? एक ओळ लिहायची होती फक्त.”

तिचा आवाज एवढा चढला, की सामंतांच्या पत्नी, मीनाकाकू, पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबल्या.

“मी होतो ना तिथं,” सामंत म्हणाले. “वाटायचं, मला विचारतील.”

तिथंच जेवणाच्या टेबलावर तिने अट परत घातली आणि वर कारण लिहिलं. मग एआयचं पूर्ण उत्तर, आशुतोषच्या मेलसकट, कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरला पाठवून दिलं. नोकरी जाईल, असं सामंत म्हणाले. तिने लॅपटॉप मिटला.

दोन दिवसांत आशुतोषकडून तळोज्याचं काम काढून घेतलं, आणि बाहेर मेल पाठवल्याबद्दल क्षिप्राला नोटीस मिळाली. नोटीस पर्समध्ये कोंबून ती हॉस्पिटलात गेली. भोंगा लवकर वाजवणारी अट मी काढली, असं तिने गोजराला सांगून टाकलं.

गोजराचा आवाज पार बसला होता. “आलीस तरी. बाकी कोनी नाय आला.” मग थोडं थांबून तिने विचारलं, “तो भोंगा आता नीट हाय ना? माझ्या सुनेला त्याच दाराशी कामाला लावलंय.”

“आहे,” क्षिप्रा म्हणून गेली, आणि लगेच तिला स्वतःचीच चीड आली. ते दार तिने एकदाही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. खाली उतरून तिने तळोज्याची रिक्षा पकडली.