प्रचारात गेलेली टाकी

मी गॅसची टाकी बोलतेय. रिकामी आहे, तरी बोलतेय. सध्या तशी रीतच आहे.

कारखान्यात मला लाल रंग दिला, गळ्यात नंबर ठोकला आणि धाडून दिलं. टाकीला स्वतःचं घर नसतं. रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची, एवढाच आमचा संसार. परभणीत मी वकिलाकडे राहिले, मास्तरांकडे राहिले. दूध सगळीकडे उतू जातं आणि दोष सगळीकडे सुनेचा असतो, एवढं शिकले.

पुढे पिंगळीला गोजरबाईकडे आले. तिची लेक ज्ञानेश्वरी बाळंतपणाला आलेली. लेकरू अशक्त, सारखी छाती भरायची. घरात धूर नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बाई मला फार जपून वापरायची.

तरी मी संपलेच. नेमका तेव्हाच देशाचा पैसा घसरला, बाहेरून येणारा गॅस आटला, रांगा लागल्या आणि वर निवडणूक तोंडावर आली. गोजरबाईचा नंबर सोमवारी लागणार होता. रविवारी महारुद्र आला. हा विरोधी पक्षाचे इच्छुक उमेदवार माणिकराव यांचा कार्यकर्ता.

"काकू, टाकी द्या. महागाईच्या मोर्चाला पायजे. सकाळी भरून आणून देतो."

"तुमच्या सायबाकडं न्हाई का?"

"लय हायत. पण भरलेल्या हायत. खांद्याला झेपत न्हाईत."

भरून मिळेल या आशेवर बाईने मला दिलं.

त्यांनी मला पक्षाचा रंग फासला, हार घातला. माणिकरावांनी मला खांद्यावर घेऊन डोळ्यांत पाणी आणलं. फोटो निघाला तसं मला खाली आपटलं आणि मंडळी जेवायला गेली. मांडवामागे माझ्या भरलेल्या बहिणींची रांग होती. त्यांच्यावर मटण शिजत होतं.

मी तिथेच पडून राहिले. रात्रीतून सत्तेतल्या किशनरावांच्या माणसांनी मला उचललं आणि वरून आपला रंग चढवला. आचारसंहिता लागायच्या आत 'मायमाऊल्यांना टाकीभेट' उरकायची होती. टंचाईत भरलेल्या कुठून आणणार? सोमवारी सकाळी रिकाम्याच वाटल्या. ज्यांच्या घरी टाकी नाही, अशा बायका बोलावल्या होत्या. आता त्यांत गोजरबाईही बसत होती.

वाकलेल्या कड्यावरून तिने मला ओळखलं.

"सायेब, ही माजीच हाय."

"होय मावशी, आता तुमचीच," किशनराव माईकवर म्हणाले. टाळ्या पडल्या.

बाई मला घेऊन तशीच एजन्सीत गेली.

"रंगवलेली चालत न्हाई," तिथला माणूस म्हणाला. "नंबरच दिसंना. खरवडून आणा, मग बघू."

तोवर तिची रांगेतली पाळी गेली. पुढची अजून आलेली नाही.

सध्या मी अंगणात असते. बाई सवड मिळेल तशी विळ्याने मला खरवडते. एक पक्ष निघाला की खालून दुसरा निघतो. माझा लाल अजून लागलेला नाही. आत चूल पेटते.

काल महारुद्र मत मागायला आला. "काकू, ध्यान असू द्या."

"हाय की. ये, बस." बाईने त्याला चुलीपुढे बसवलं आणि हातात फुंकणी दिली. "फुक. लेकीला पाणी तापवायचंय."

असा कोणी तुमच्याही दारात येईल. त्याला ओट्यावर चहा देऊन वाटेला लावू नका, एवढीच माझी विनंती. आत न्या, चुलीपुढे बसवा.

दोन फुंकरा मारून महारुद्र खोकत बाहेर पळाला. लेकराला पळता येत नाही.