कोरी पट्टी

यासेरला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्याच्या अंगावरची कातडी जागोजागी नवी, तान्ह्या बाळासारखी गुलाबी होती, आणि उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं. नांदेडच्या इतवाऱ्यात शेरवानी शिवावी तर यासेरनंच, असं लोक म्हणायचे. आता तो खाटेवर बसून सुईत दोरा ओवायला बघायचा, दोरा सुईच्या शेजारून जायचा, आणि तो सुई भिंतीवर भिरकावायचा. त्याची मोठी बहीण बुशरा ती शोधून उचलून ठेवायची. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं याची तिलाच भीती वाटायची, इतका राग पोटात साचला होता.

राग एका कार्डावर होता.

यासेरला लहानपणी फिटा यायच्या. अब्बा, म्हणजे खाजामियाँ, त्याला लातूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात न्यायचे. त्या दवाखान्यानं तेव्हा मोठा गाजावाजा करून प्रत्येक पेशंटला एक कार्ड दिलं होतं. जाड प्लॅस्टिकचं, मागं बोटभर रुंद चकचकीत पट्टी. सीडीवर जशी माहिती कोरतात तशी त्या पट्टीवर प्रकाशाच्या किरणानं कोरायची. एकदा कोरली की पुसता येत नाही, पाण्यात भिजली तरी जात नाही. ‘तुमची फाईल आता तुमच्या खिशात’ असं त्याच्यावर छापलेलं होतं. आणि फाईल खिशात आली म्हणून दवाखान्यानं लोकांचे जुने कागद जमा करून घेतले.

पुढं दोन हजार बारामध्ये त्याच दवाखान्यातल्या एका गोळीनं यासेरच्या अंगाची आग आग झाली, तोंडात फोड आले. बुशरा तेव्हा औरंगाबादला एमएस्सी करत होती. घरी आली तोवर तो बरा होऊन बसला होता. अब्बांनी तिला सांगितलं, “डॉक्टर म्हणाले, हे औषध जन्मात पुन्हा द्यायचं नाही. दिलं तर जीव जाईल. कार्डात चढवलंय त्यांनी.” औषधाचं नाव अब्बांनी विचारलं नाही. कार्डात चढवलंय म्हटल्यावर विचारायचं कशाला? त्यांनी ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात, कुराणशरीफाच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. फिटा थांबल्या. काही वर्षांनी अब्बा गेले.

मागच्या वर्षी यासेरला दुकानातच पुन्हा फिट आली. नांदेडच्या डॉक्टरांनी रीतसर विचारलं, “कुठल्या औषधाचा त्रास झालाय का आधी?” अम्मीनं, शहजादीनं, मोठ्या विश्वासानं ते कार्ड त्यांच्या टेबलावर ठेवलं. “सगळं याच्यात आहे.”

डॉक्टरांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. हे वाचायचं यंत्र नांदेडात कुणाकडेच नव्हतं. लातूरला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की ती योजना कधीच बंद झाली, यंत्र खोलीत पडून आहे, जुना कॉम्प्युटर भंगारात गेला, आणि कागद तर नाहीतच. अम्मीला एवढंच आठवत होतं की गोळी पिवळसर होती. डॉक्टरांनी विचार करून एक औषध सुरू केलं. ते पिवळं नव्हतं. कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो, हे अम्मीला कोण सांगणार? औषध तेच होतं. आठवडा-दोन आठवड्यांत यासेरची कातडी सोलून निघायला लागली.

तो वाचला. डोळा वाचला नाही.

बुशरा नांदेडच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची, त्यातही प्रकाशाचा भाग. एका सकाळी तिनं ते कार्ड कपाटातून काढलं आणि पर्समध्ये टाकलं. अम्मी म्हणाली, “आता काय करणार त्याचं?”

“वाचणार,” बुशरा म्हणाली. “माझ्या भावाचा डोळा ज्याच्यात अडकून गेला, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.”

दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळा मोकळी होती. प्रकाशानं कार्डावर माहिती कशी लिहायची आणि कशी वाचायची, याचे शोध ज्यांनी लावले होते त्यांची पेटंटं इंटरनेटवर उघडी पडलेली होती, आकृत्यांसकट, मापांसकट. मुदत केव्हाच संपलेली. बुशरानं ती बसून वाचली. जुन्या डीव्हीडी प्लेअरमधला सरकता भाग काढला, तो सूक्ष्मदर्शकाखाली बसवला, त्यावर कार्ड ठेवलं, वर कॅमेरा लावला. कार्ड केसाच्या जाडीनं पुढं सरकायचं आणि फोटो निघायचा. पहिल्यांदा पट्टी पडद्यावर दिसली तेव्हा ती खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसली. काळे बारीक ठिपके, रांगेत, शिलाई मशिनीच्या टिपेसारखे. जिथं ठिपका तिथं एक, जिथं नाही तिथं शून्य. ठिपक्यांची अक्षरं करायला तिला बरेच दिवस लागले, पण झाली. पडद्यावर पहिलं नाव उमटलं: यासेर खाजामियाँ. मग वजन. मग लहानपणच्या तारखा, गोळ्यांची नावं, मेंदूच्या तपासणीचा अहवाल.

मग दोन हजार अकराचा मार्च. आणि त्यानंतर काहीच नाही.

तिला वाटलं, आपलंच चुकतंय. कार्ड पुसलं, दिवा बदलला, पुन्हा पहिल्यापासून सरकवलं. मार्चपर्यंत टिपा सरळ येत होत्या. शेवटच्या काही ओळींत ठिपके पुसट झाले होते, पेनातली शाई संपत यावी तसे. पुढं नुसती चकचकीत पट्टी, आरशासारखी स्वच्छ. दोन हजार बारातलं दुखणं, त्या औषधाचं नाव, ‘पुन्हा देऊ नये’ ही ताकीद, काही काही नव्हतं. म्हणजे नांदेडच्या डॉक्टरांना त्या दिवशी यंत्र मिळालं असतं, तरी उपयोग झाला नसता. कार्ड वाचता येत नव्हतं म्हणून यासेरचा डोळा गेला असं ती इतके दिवस समजत होती. ते वाचता येत होतं. त्याच्यावर कुणी लिहिलंच नव्हतं.

बुशरानं प्रयोगशाळेला कुलूप लावलं आणि किल्ली शिपायाकडे द्यायची विसरून घरी चालत गेली.

कार्डाच्या खिडकीवर तेव्हा राजकन्या नावाची बाई बसायची, एवढं अम्मीला आठवत होतं. शोधत शोधत बुशरा तिच्या लातूरजवळच्या औशातल्या घरी पोचली. बाई पन्नाशीची होती, दारात ज्वारी निवडत बसली होती. कार्ड बघताच तिचा हात सुपातच थांबला.

“लई वर्षांनी बघितलं हे,” ती म्हणाली.

“दोन हजार अकरानंतरचं याच्यावर काही नाही. का नाही?”

राजकन्यानं आत एक नजर टाकली. मग हळू आवाजात म्हणाली, “लिहायचा किरण जळाला होता, मॅडम. वाचायचा चालू होता, लिहायचा गेला. मी सेक्रेटरी साहेबांना सांगितलं. येकदा न्हाई, लई बार सांगितलं. ते म्हणले, पाहणीची माणसं येऊन राहिलीत, खिडकी बंद ठिवायची न्हाई. कार्ड आत घालायचं, हिरवा दिवा लागतो, बाहेर काढायचं. कॉम्प्युटरमधे तर हाय ना समदं, म्हणले.”

“तो कॉम्प्युटर भंगारात गेला.”

“हाव. ते नंतर.”

“आणि माझ्या अब्बांना तुम्ही काय सांगितलं?”

“चढलं म्हणून सांगितलं.”

“आणि त्या दुखण्याचे कागद?”

“जमा करून घेतले.” राजकन्या मान वर न करता म्हणाली, “मला कामावरून काढलं असतं, मॅडम. घरात लेकरं होती.”

“तुमची नोकरी राहिली,” बुशरा म्हणाली. “माझ्या भावाचा डोळा गेला. तुम्ही नुसतं ‘कागद जपून ठेवा’ एवढं त्या म्हाताऱ्याच्या कानात सांगितलं असतं तरी चाललं असतं. तेवढ्यासाठी तुम्हाला कुणी कामावरून काढलं नसतं.”

राजकन्या रडायला लागली. बुशराला तिची दया आली नाही. हे सगळं लिहून द्याल का, असं तिनं विचारलं. राजकन्या नाही म्हणाली.

सेक्रेटरी साहेब म्हणजे साहेबराव. आता ते त्या संस्थेचे अध्यक्ष होते. लातूरच्या त्यांच्या बंगल्यात बैठकीच्या खोलीत कार्ड योजनेच्या उद्घाटनाचा फोटो अजून लावलेला होता. त्यांनी बुशराला बसायला सांगितलं, चहा मागवला, कार्ड हातात घेतलं आणि खुश झाले.

“आमचंच हाय की हे. मराठवाड्यात पहिलं. पुण्याचे लोक बघायला यायचे.”

बुशरानं सगळं सांगितलं. चहा आला, तिनं घेतला नाही.

“ताई, यंत्र हाय. यंत्र बिघडणारच,” साहेबराव म्हणाले.

“बिघडलं त्याबद्दल मी आलेच नाही. बिघडलं हे तुम्ही लोकांना सांगितलं का नाही?”

“लोक घाबरले असते.”

“घाबरले असते तर कागद सांभाळून ठेवले असते.”

साहेबरावांनी कार्ड टेबलावर ठेवलं. “तुमच्या भावाचं वाईट झालं. पण इतक्या वर्षांनी कोण काय सिद्ध करणार? माहिती असंल, पुसून गेली असंल. जुनी वस्तू हाय.”

“हिच्यावरचं पुसता येत नाही,” बुशरा म्हणाली. “उद्घाटनाच्या भाषणात तुम्हीच सांगितलं होतं. अब्बांनी घरी येऊन मला ऐकवलं होतं. लिहिलं असतं तर आज दिसलं असतं. दिसत नाही, म्हणजे लिहिलंच नाही. तुमची पट्टी तुमच्याविरुद्ध साक्ष देतेय, साहेब.”

साहेबरावांचा चेहरा बदलला. “तुम्ही नोकरी कुठं करता?” त्यांनी शांतपणे विचारलं. “त्या संस्थेचे लोक वळखीचे हायत माझ्या.”

बुशरा उठली. टेबलावरचं कार्ड उचलून तिनं पर्समध्ये टाकलं आणि जिना उतरली.

ग्राहक आयोगात तिनं तक्रार दिली, पण आयोगाच्या तारखांची वाट बघत बसायला ती तयार नव्हती. अशी कार्डं किती घरांत असतील? किती बाया ती अशीच पिशवीत गुंडाळून, सगळं याच्यात आहे म्हणून डॉक्टरपुढं ठेवत असतील? तिनं ठरवलं की आपण जुळवलेलं यंत्र उचलायचं आणि लातूरला त्या दवाखान्यासमोर टेबल टाकून येईल त्याचं कार्ड वाचून द्यायचं.

यासेर भडकला. घरात मराठी आणि दखनी उर्दू मिसळून बोलली जायची, पण राग आधी दखनीतच यायचा. “मेरी आँख का बाजार नक्को लगा, बाजी.”

“तुझ्या एकट्याचं नाही हे.”

“मग माझं नाव घेऊ नको. लोकांनी येऊन माझ्या तोंडाकडं बघायचं, अन् तू त्यांना ठिपके दाखवायचे. मला नको ते.”

“ठीक आहे, नाव घेणार नाही,” ती म्हणाली. त्याचंही तिला लागलं. आपण हे कुणासाठी करतोय, असंही एक क्षण वाटलं. पण यंत्र तिनं खोक्यात भरलं.

शनिवारी रजा काढून ती दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीशेजारी कडुलिंबाखाली बसली. टपरीवाल्यानं वीज दिली. सुरुवातीला कुणी फिरकेना. मग उदगीरकडची कमलम्मा नावाची म्हातारी आली. बोलताना मधूनच कानडी शब्द टाकणारी, हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालेली. तिचं कार्ड बुशरानं यंत्रात घातलं. ऑपरेशनची तारीख आली, झडपेचा नंबर आला. म्हातारी पडद्याकडे हरखून बघत राहिली.

“आन् पुढचं, यव्वा? रक्त पातळ व्हायच्या गोळीचं नंतर बदललं होतं की.”

“पुढचं नाही, आजी. त्यांनी लिहिलं नाही.”

“दिवा तर लागायचा.”

“दिवाच लागायचा.”

कमलम्मा तशीच उठली, रस्ता ओलांडून दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली आणि कार्ड डोक्यावर धरून मोठमोठ्यानं बोलायला लागली. अर्धं मराठी, अर्धं कानडी. त्या आवाजानं माणसं जमली. पुढच्या शनिवारी लिंबाखाली रांग लागली. कुणाच्या कार्डात साखरेच्या आजाराची सुरुवात होती अन् पुढं कोरं, कुणाचं कार्ड तर पहिल्यापासूनच कोरं, कारण ते मिळालंच मुळी किरण जळाल्यावर. आपली पट्टी पडद्यावर आरशासारखी रिकामी बघून माणसं आधी ‘परत एकदा बघा’ म्हणायची. मग आवाज चढायचा. एकानं कार्ड मोडायला घेतलं, तेव्हा बुशरानं त्याचा हात धरला. “मोडू नका. हाच पुरावा आहे. यांना दाखवा.”

कॉलेजातून तिला खुलासा मागणारी नोटीस आली. तिनं खुलासा दिला, की रजेच्या दिवशी आपण आपला विषय शिकवत होतो.

शेवटी एका शनिवारी साहेबराव स्वतः फाटकाबाहेर आले. बुशराच्या मागं रांग, पुढं ते. “काय पाहिजे तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“इथं फाटकावर एक बोर्ड लावा,” बुशरा म्हणाली. “कार्डांवर काय नाही ते लिहा. आणि ज्याचं त्याचं पुन्हा तपासून कागदावर लिहून द्या, सहीशिक्क्यानिशी.”

आठवड्यानं बोर्ड लागला. ‘तांत्रिक कारणास्तव जुन्या कार्डांवरील माहिती उपलब्ध नाही.’ बुशरानं तो वाचला आणि तिच्या डोक्यात तिडीक उठली. ती थेट आत गेली. यंत्रानं नव्हे, माणसांनी लपवलं होतं, आणि ते ‘तांत्रिक’ या शब्दाच्या पदराखाली झाकायला ती देणार नव्हती. तिच्या मागून कमलम्मा गेली, तिच्या मागून रांगेतली माणसं गेली. संध्याकाळपर्यंत कुणी हललं नाही. दुसऱ्या दिवशी पेंटर आला. नवा बोर्ड असा होता: ‘मार्च २०११ नंतर या दवाखान्याने कार्डांवर कोणतीही माहिती लिहिलेली नाही. आपली तपासणी पुन्हा करून लेखी घ्यावी.’ खाली संस्थेचं नाव.

त्या दिवशी ती नांदेडला घरी आली तेव्हा यासेर मशिनीवर बसला होता. डाव्या डोळ्यानं, मान वाकडी करून, सावकाश. स्वतःच्या एका सदऱ्याच्या कॉलरच्या आतून त्यानं लाल दोऱ्यानं त्या औषधाचं नाव शिवलं होतं, नांदेडच्या डॉक्टरांनी या खेपेला कागदावर लिहून दिलेलं. अक्षरं मोठी आणि थोडी तिरकी आली होती. शेजारी बाकीचे सदरे घडी घालून ठेवले होते, त्यांच्यावरही करायचं होतं. बुशरानं सदरा हातात घेऊन वाचला. एक अक्षर चुकलं होतं. तिनं ते सांगितलं. त्यानं वैतागून दोरा उसवला आणि पुन्हा शिवलं.

अम्मीनं ताट वाढताना म्हटलं, “बोर्ड लगा दिए ना? अब थूक दे गुस्सा.”

बुशरा जेवली. राग होता तिथंच होता. आयोगात तारीख लागायची होती. देगलूरहून, देवणीहून लोकांचे फोन येत होते की आम्हाला लातूर लांब पडतं. पुढच्या शनिवारी तिनं यंत्र खोक्यात भरलं आणि देवणीची एसटी धरली.